डॉन्स ट्रस्टचं सभासदत्व: वर्गणीत मालकी मिळते, नफा मिळत नाही

आधी काय मिळत नाही, ते सांगून टाकू. डॉन्स ट्रस्टचं सभासद झालं म्हणून प्लाउ लेनच्या मैदानात तुमच्या नावाची खुर्ची राखून ठेवली जात नाही. सीझन तिकीट वेगळं काढावं लागतं. लाभांश नाही. भाव वाढल्यावर विकून टाकावा असा शेअर हाती पडत नाही. उद्या गोलकीपर कोण, हे विचारायला कुणी फोन करणार नाही. मिळतं ते एक मत. लंडनच्या नैर्ऋत्य भागातला एएफसी विम्बल्डन हा व्यावसायिक फुटबॉल क्लब या ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि ट्रस्ट सभासदांच्या. तिप्पट वर्गणी द्यायची तयारी दाखवलीत तरी दुसरं मत मिळत नाही.

प्रौढांची वर्षाची वर्गणी बराच काळ २५ पौंड होती, मुलांसाठी त्याहून पुष्कळ कमी. भरण्याआधी चालू दर तेवढा बघून घ्या. एवढ्या पैशांत इंग्लंडमध्ये लीगचा एक सामना बघून होतो. त्यामुळे महाग की स्वस्त, हा प्रश्न गौण आहे. मत खरंच मोजलं जातं का, हे तपासायला हवं. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही शंका समजावून सांगावी लागणार नाही. एक सभासद, एक मत हे आपल्या सहकाराचं मूळ सूत्र, आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात चहा थंड व्हायच्या आत उरकलेल्या वार्षिक सभाही आपल्याच.

हे दुकान का उघडलं

जुना विम्बल्डन एफसी १८८९ चा. १९७७ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये आला, १९८६ मध्ये थेट पहिल्या श्रेणीत पोचला आणि १९८८ मध्ये वेम्ब्लीवर लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप घेऊन गेला. १९९१ मध्ये त्याने प्लाउ लेनचं घरचं मैदान सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये भाडेकरू म्हणून बस्तान हलवलं. चाहते तेव्हापासूनच दुरावत चालले होते. ऑगस्ट २००१ मध्ये मालकांनी क्लब मिल्टन कीन्सला, म्हणजे शंभरेक किलोमीटर दूरच्या शहरात हलवायचं जाहीर केलं. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याला परवानगी दिली. विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असा शेराही त्या निकालात होता. तो शेरा आजही चाहत्यांच्या टी-शर्टांवर झळकतो.

तरीही चाहत्यांनी नवा क्लब काढला, तोच एएफसी विम्बल्डन. त्याची गती बघण्यासारखी आहे. जूनअखेर विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी झाली, तिला सुमारे २३० खेळाडू आले. १० जुलैला पहिला सराव सामना सटन युनायटेडशी. म्हणजे निकालापासून ४३ दिवसांत क्लब, संघ, प्रशिक्षक, जर्सी आणि लीगमधला प्रवेश सगळं उभं राहिलं. सामना ०-४ हरले. बघायला ४,६५७ लोक होते. पहिल्या मोसमात स्थानिक हौशी संघांच्या लीगमध्ये खेळूनही सरासरी तीन हजारांच्या घरात लोक येत होते, आणि त्याच वर्षी सेलहर्स्ट पार्कमध्ये कितीतरी वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या मूळ क्लबला त्याहून कमी.

एवढी एकजूट ४३ दिवसांत होत नसते. आधीचं वर्षभर चाहते क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेवर बहिष्कार घालून स्वतःची पत्रिका छापून विकत होते. छापखान्याशी व्यवहार, रोख मोजणं, फाटकावर माणसं उभी करणं, पत्ते-फोनची यादी ठेवणं ही सगळी कामं हातात बसलेली होती. ट्रस्टची नोंदणीही निकालाच्या आधीच झालेली होती. विरोधाच्या काळात जी यंत्रणा तयार झाली तीच क्लब चालवायला वापरली गेली. चाहत्यांना एकत्र आणायचं म्हणजे ढोल, झेंडे आणि घोषणा असं ज्यांना वाटतं त्यांनी या तपशिलापाशी जरा थांबावं.

यंत्र आतून कसं आहे

तीन मजले आहेत. वर ट्रस्ट, ही सभासदांची ना-नफा संस्था. तिच्याखाली एक पब्लिक लिमिटेड कंपनी, जिच्यात ट्रस्टकडे निर्णायक मताधिकार आहे आणि उरलेले शेअर छोट्या-मोठ्या गुंतवणूकदारांकडे. तिच्याखाली प्रत्यक्ष क्लब चालवणारी कंपनी. ही मधली कंपनी म्हणजे हुशारीची जागा. पैसा बाहेरून घ्यायचा तर तो या मजल्यावर येतो आणि ट्रस्टमधल्या मतांना हात लागत नाही. शेअर कुणी कितीही घेतले तरी ट्रस्टच्या निवडणुकीत त्याची किंमत एकाच मताची.

ट्रस्टचं मंडळ सभासद निवडतात. रोजचा कारभार व्यावसायिक माणसं बघतात: मॅनेजर कोण, खेळाडूला पगार किती, यात सभासदांचं मत घेतलं जात नाही आणि घेऊही नये. मैदान विकणं किंवा ट्रस्टचा ताबा ठरावीक रेषेखाली जाऊ देणं, असे थोडे निर्णय मात्र नियमावलीत वेगळे काढून ठेवलेले आहेत. ते मंडळाला परस्पर घेता येत नाहीत आणि सभासदांपुढे गेल्यावर साध्या बहुमताने भागत नाही. आमच्या मते सभासदत्वाचे पैसे वसूल होतात ते या कलमावर. जुन्या क्लबचं मैदान मालकाने विकलं, मग क्लबच उचलून नेला. तो दरवाजाच इथे बंद केलेला आहे.

दुसरी चांगली गोष्ट अशी की चाहत्यांची टीका करणारी संघटना वेगळी ठेवली गेली आहे. विम्बल्डन इंडिपेंडंट सपोर्टर्स असोसिएशन ही संस्था ट्रस्टपेक्षा जुनी. ट्रस्ट मालक झाला तेव्हा ती विसर्जित करून टाकणं सोपं होतं. आता आपणच मालक, भांडायचं कुणाशी? तसं केलं नाही, ते बरं झालं. तिकिटाचा दर वाढला की मालक म्हणून त्याचं समर्थन करायचं आणि गिऱ्हाईक म्हणून ओरडायचं, ही दोन्ही कामं एकाच मंडळाला दिली तर ते दोन्ही वाईट करतं.

पैशाची परीक्षा

चाहत्यांच्या मालकीचं खरं कसब हिशेबाच्या वहीत दिसतं. २००३ मध्ये क्लबने किंग्जमेडो हे मैदान खोसला कुटुंबाकडून घेतलं. त्यासाठी शेअर विक्री, देणग्या आणि कर्ज असं सगळं करावं लागलं. मैदानावर मात्र वारं अनुकूल होतं. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात सलग ७८ लीग सामन्यांत हार नाही, २०११ मध्ये ल्युटनला पेनल्टींवर हरवून फुटबॉल लीगमध्ये प्रवेश, २०१६ मध्ये तिसरी श्रेणी. जिंकत असताना सगळेच एक असतात.

कस लागला तो प्लाउ लेनला परतताना. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, ग्रेहाउंड शर्यतींच्या जागी, नवं स्टेडियम उभं राहत होतं. २०१९ च्या अखेरीस सभासदांसमोर आकडा आला: सुमारे १ कोटी १० लाख पौंड कमी पडतायत. सोपा मार्ग समोर होता. बाहेरचे गुंतवणूकदार आणायचे, मोबदल्यात ट्रस्टचा वाटा कमी करायचा. सभांमध्ये आवाज चढले. जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात तशी ही वेळ.

तिथून मार्ग काढला तो चाहत्यांच्याच एका गटाने. त्यांनी नुसता विरोध न करता पर्यायी आकडेमोड मांडली: आपणच क्लबला कर्ज देऊ. प्लाउ लेन बाँड नावाने ही योजना २०२० च्या सुरुवातीला आली. तिची रचना मुद्दाम नीट बघावी. मुदती वेगवेगळ्या, पाच वर्षांपासून पुढे. व्याज ० ते ४ टक्के, आणि त्यातला दर देणाऱ्याने स्वतः निवडायचा. ज्याला परवडतं तो शून्यावर टिक करतो, ज्याची निवृत्तीची पुंजी आहे तो चार टक्के घेतो, आणि दोघांना एकमेकांसमोर लाजायचं कारण उरत नाही. काही आठवड्यांत ५० लाख पौंडांहून जास्त जमले. बाकीची भर कर्जातून आणि अन्य गुंतवणुकीतून पडली. ताबा ट्रस्टकडे राहिला.

आता याची दुसरी बाजू, जी उत्साहाच्या भरात सांगायची राहून जाते. बाँड म्हणजे देणगी नव्हे, कर्ज आहे. ५० लाखांवर प्रत्येक एका टक्क्यामागे वर्षाला ५० हजार पौंड व्याज. सगळ्यांनी चार टक्के निवडले असते तर २ लाख. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या क्लबच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दोन-तीन खेळाडूंच्या पगाराएवढी होते. शिवाय पाच वर्षांच्या मुदतीचे बाँड एकाच सुमारास परिपक्व होतात. त्या वेळी लोकांनी मुदत वाढवली तर ठीक, एकदम पैसे मागितले तर तेवढी रोकड तयार हवी. त्यामुळे चाहत्यांचा विश्वास हा इथे भावनेचा विषय राहत नाही. तो रोख रकमेच्या नियोजनातला एक आकडा होतो. मंडळाने हिशेब लपवला, उशिरा दिला किंवा गुळमुळीत मांडला की मुदतवाढ देणारे कमी होतात आणि भोक थेट खात्यात पडतं. ताळेबंद वाचता येत नसेल तर बाँड घेऊ नका, सभासदत्व घ्या.

नव्या स्टेडियमचा पहिला सामना ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टरशी झाला, २-२. करोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या. तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो सामना पैसे भरणाऱ्यांनी घरी पडद्यावर बघितला.

संकटात काय झालं

चाहते एकत्र आहेत का, हे तपासायला तीन प्रसंग पुरतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, स्पर्धा थांबल्या. बाँडसाठी फोन फिरवणारी यादी हाताशी होतीच. चाहत्यांनी डॉन्स लोकल अ‍ॅक्शन ग्रुप काढला. सुपरमार्केटच्या दाराशी टेबलं मांडून शिधा गोळा करायचा आणि आसपासच्या गरजू घरांत पोचवायचा. पुढे त्यात फर्निचर आलं, शाळकरी मुलांसाठी लॅपटॉप दुरुस्त करून देणं आलं. क्लबच्या दृष्टीने यातून काय साधलं? फुटबॉलशी घेणंदेणं नसलेल्या शेजाऱ्यांना क्लबची माणसं चेहऱ्याने कळली. सामन्याच्या दिवशी रस्ते अडतात म्हणून कुरकुरणाऱ्या वस्तीत ही ओळख उपयोगी पडते.

दुसरा प्रसंग कडू. २०२१-२२ च्या मोसमात डिसेंबरपासून शेवटपर्यंत लीगमधला एकही सामना जिंकला नाही, सलग २७. क्लब खालच्या श्रेणीत गेला. मालकच चाहते असल्यावर शिव्या कुणाला घालायच्या? त्या घातल्या गेल्या, आणि निवडून दिलेल्या, बिनपगारी काम करणाऱ्या माणसांना. या पद्धतीतली ही सगळ्यात दुखरी जागा आहे. खासगी मालक गाडीची काच वर करून निघून जातो. इथला मंडळ सदस्य त्याच गॅलरीत, त्याच लोकांत बसतो. चांगली माणसं दुसऱ्यांदा उभी राहत नाहीत, हा धोका कायम आहे. सावरायला तीन वर्षं लागली. मे २०२५ मध्ये वेम्ब्लीवर वॉल्सॉलला १-० हरवून ते पुन्हा वर आले.

तिसरा प्रसंग सप्टेंबर २०२४ चा. मुसळधार पावसाने शेजारची वँडल नदी फुगली, पाणी मैदानात शिरलं आणि हिरवळीचा एक भाग खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा लीग कपचा सामना, म्हणजे लहान क्लबची वर्षाची मोठी कमाई, न्यूकॅसलच्याच मैदानावर हलवावा लागला. चाहत्यांनी उघडलेल्या निधीत अल्पावधीत एक लाख पौंडांहून जास्त जमले. न्यूकॅसलनेही १५ हजार दिले. इथे एक बारकावा: निधी कशासाठी हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, कारण खड्ड्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. ‘क्लबला मदत करा’ अशा मोघम हाकेला हा प्रतिसाद मिळत नाही. खेळपट्टी, दिवे, गळकं छत, अमुक इतकी रक्कम आणि अमुक तारीख, असं मागावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जिचं श्रेय फार कमी दिलं जातं. डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपमध्ये मिल्टन कीन्सला नेलेल्या क्लबशी पहिल्यांदा गाठ पडली, तीही त्यांच्या मैदानावर. जायचं की बहिष्कार घालायचा, यावर घराघरांत फूट. काहींनी त्या मैदानात पाय ठेवणार नाही म्हटलं, काही हजार गेले. शेवटच्या मिनिटांत २-१ हरले. पण गेलेल्यांना गद्दार आणि न गेलेल्यांना आडमुठे ठरवायचा खेळ फार चालला नाही. एकजूट म्हणजे सगळ्यांनी सारखं वागणं, असा आग्रह धरणारे चाहत्यांचे गट एका मोसमात फुटतात. मार्च २०२४ मध्ये प्लाउ लेनवर त्याच संघाला भरपाई वेळेतल्या गोलने १-० हरवलं, तेव्हा तिकडे गेलेले आणि न गेलेले एकाच गॅलरीत होते.

उणिवा

किंग्स्टोनियनचं प्रकरण या क्लबच्या अंगावरचा डाग आहे, तो चाहतेही मान्य करतात. किंग्जमेडो हे मुळात त्या लहान क्लबचं घर. विम्बल्डनने ते घेतलं तेव्हा किंग्स्टोनियन भाडेकरू म्हणून राहिला. पुढे प्लाउ लेनच्या खर्चासाठी मैदान चेल्सीला विकलं आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. ज्यांचं घर गेलं त्यांनीच दुसऱ्याचं घर विकलं, हा आरोप झटकता येण्यासारखा नाही. आपल्या हिताचं मत देणारा सभासद दुसऱ्या क्लबच्या हिताचं मत देईलच असं नाही; मतपेटीची ही मर्यादा आहे.

स्टेडियम ९ हजारांच्या थोडं वर. पश्चिमेचा एकच मोठा स्टँड, बाकीच्या तीन बाजू बुटक्या. २० हजारांपर्यंत वाढवायची परवानगी आहे, पैसे नाहीत. बहुतेक सामने जवळजवळ भरतात, म्हणजे तिकिटांतून वाढणारी कमाई आता थांबत आली. नव्या माणसाला ऐनवेळी तिकीट मिळणं कठीण, आणि नवा माणूस आला नाही तर सभासद यादी म्हातारी होत जाते. २००२ चा लढा ज्यांनी पाहिला नाही त्यांना जुन्यांच्या गप्पांत उभं राहायला जागा हवी, ती सभांमध्ये अजून पुरेशी दिसत नाही. परदेशातल्या सभासदाला ऑनलाइन मत देण्यापलीकडे फारसं काही हाती येत नाही, हेही खरं.

बाजारातले इतर पर्याय

पोर्ट्समथच्या चाहत्यांनी २०१३ मध्ये दिवाळखोरीतून क्लब सोडवला, पण वाटा घ्यायला १,००० पौंड. मोठी रक्कम, कमी सभासद. क्लब सावरला, चौथ्या श्रेणीत अव्वल आला आणि २०१७ मध्ये सुमारे ८० टक्के मतांनी त्यांनी तो अमेरिकी मालकाला ५६.७ लाख पौंडांना विकला. यात काही गैर नाही; सभासदांनीच ठरवलं. पण हजार पौंड गुंतवलेला माणूस विक्रीचा विचार जास्त सहज करतो.

मायफुटबॉलक्लब हा इंटरनेटवरचा प्रयोग मात्र टाळण्याजोगा म्हणून लक्षात ठेवावा. ३५ पौंड भरा आणि संघनिवडीपासून सगळ्यात मत द्या, अशी जाहिरात. ३० हजारांवर लोक आले, २००८ मध्ये एब्सफ्लीट युनायटेडचा ताबा घेतला. त्याच वर्षी एफए ट्रॉफीही जिंकली. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण कोसळलं, आणि २०१३ मध्ये उरलेल्यांनी क्लब सोडून दिला. कारण साधं: ते सभासद एब्सफ्लीटचे चाहते नव्हतेच. पावसात त्या गॅलरीत उभं राहणारा माणूस आणि कुठूनतरी बटण दाबणारा माणूस यांना एकच मत दिलं, तर दुसरा आधी निघून जातो.

एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा २००५ चा क्लब स्वभावाने विम्बल्डनच्या सर्वांत जवळचा. २०१५ मध्ये त्यांनी स्वतःचं मैदान उभारलं आणि पुढच्याच वर्षी मंडळ आणि सभासदांत इतकं बिनसलं की राजीनाम्यांची रांग लागली. मैदान पूर्ण होईपर्यंत सगळे एका दिशेला बघत होते, ते झाल्यावर एकमेकांकडे बघू लागले. एक्सेटर सिटी २००३ पासून ट्रस्टकडे आहे आणि बिनबोभाट चाललाय. बातम्यांत येत नाही, हीच त्याची शिफारस.

पुण्या-कोल्हापुरात हे चालेल का

पुण्याच्या फुटबॉलवाल्यांना विम्बल्डनचं दुखणं परकं नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. ऑरेंज आर्मी म्हणून ओरडणारी पोरं एका उन्हाळ्यात बिनसंघाची झाली. त्याआधी पुणे एफसी आणि मुंबई एफसी असेच मिटले. कोल्हापुरात उलट परिस्थिती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा यांना पाठिंबा शोधावा लागत नाही; तो पेठेतून जन्माने येतो. तिथे माणसं आहेत, कागद कमी पडतात.

कागद कोणता, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये एक सभासद एक मत हे तत्त्व आहेच. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी केली तर देणग्या घेणं सुटसुटीत, पण ताबा विश्वस्तांकडे जातो आणि चाहते पुन्हा प्रेक्षक होतात. वर्गणी कमी ठेवा. ५०० रुपये आणि ४०० सभासद म्हणजे २ लाख. यात संघ चालत नाही, पण नोंदणी, लेखापरीक्षण आणि पहिल्या वर्षाची छपाई निघते आणि मुख्य म्हणजे ४०० नावांची खरी यादी हातात येते. मतदानाला पात्र ठरायला सभासदत्वाला ठरावीक काळ झालेला असावा, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एखादा भाऊ दोनशे पावत्या फाडून आणतो. नाव, रंग आणि मैदान या तीन गोष्टींना तीन चतुर्थांश बहुमताशिवाय हात लावता येणार नाही, हे पैसा येण्याआधी उपविधीत लिहा. प्रायोजक दारात उभा असताना ही कलमं कुणी लिहीत नाही.

बाँडची नक्कल मात्र करू नका. व्याजाचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेतले की आपल्याकडे २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा लागू होऊ शकतो, आणि तो प्रामाणिक हेतू विचारत नाही. वकिलाचा लेखी सल्ला मिळेपर्यंत देणगी आणि पावती एवढ्यावरच थांबा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

सभासदत्व घेण्याआधी एक सामना बघून या. सर्वांत जवळचं स्टेशन हेडन्स रोड, चालत दहा मिनिटं, पण गाड्या विरळ, साधारण अर्ध्या तासाने एक. सामना सुटल्यावर तिथे उभं राहण्यात अर्थ नाही. विम्बल्डन स्टेशनवरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, तिथे मात्र डिस्ट्रिक्ट लाइन, ट्राम आणि रेल्वे तिन्ही आहेत. नॉर्दर्न लाइनने येणाऱ्यांनी टूटिंग ब्रॉडवेला उतरावं. चालायचं अंतर तेवढंच, आणि तिथल्या दक्षिण भारतीय खानावळींत मैदानातल्या बर्गरपेक्षा पोट नीट भरतं. तिकीट ऑनलाइन आधी काढा. स्टेडियमला प्रायोजक म्हणून चेरी रेड रेकॉर्ड्सचं नाव आहे, त्यामुळे नकाशात प्लाउ लेन शोधताना दुसरं नाव दिसलं तर बिचकू नका. सभासदत्वाची चौकशी करायची तर ट्रस्टची माणसं सामन्याआधी गाठा. हरल्यानंतर गाठलीत तर उत्तरं लांबतात.